घाटात थांबलेला पाणक्या

पुण्यात आमच्या ऑफिसात सायकलवाल्यांचा एक कळप आहे. रविवारी पहाटे उठून घाट चढतात, खाली येऊन पोहे खातात आणि सोमवारी दिवसभर त्याबद्दल बोलतात. जुलै आला की फ्रान्समधल्या शर्यतीच्या गप्पा सुरू होतात. एकदा त्यांच्यातल्या एकाला कळलं की मीही ती शर्यत बघते, शाळेत असल्यापासून बघते, आणि बघायला लागले ती वाशिम जिल्ह्यात, कारंज्याला. तेव्हापासून तो मला दर वर्षी विचारतो, "पण तिकडे कसं काय गं?" 'तिकडे' हा शब्द तो असा काही उच्चारतो, की जणू आमच्याकडे अजून चाकाचा शोध लागायचा आहे. मी त्याला दर वर्षी वेगळी थाप मारते. माणूस आधी एखाद्या खेळाच्या प्रेमात पडतो आणि मग त्याचा चाहता होतो, अशी त्याची समजूत आहे. माझं तसं झालं नाही. त्या शर्यतीतल्या एका माणसाचा मला इतका संताप आला, की दुसऱ्या दिवशी त्याला शिव्या द्यायला म्हणून मी पुन्हा टीव्ही लावला. तिसऱ्या दिवशीही लावला. अशी मी चाहती झाले, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

आमचं कारंज्याला कापडाचं दुकान आहे. आजोबांनी टाकलेलं. आजोबांच्या पश्चात गादीवर बसले मोठे बाबा, म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. कापडाच्या दुकानात गादी म्हणजे पांढऱ्या चादरीची मोठी बैठक, सगळी गिऱ्हाइकं तिच्यावर येऊन बसतात. पण गल्ल्याशेजारी, तक्क्याला टेकून जो बसतो तो गादीवरचा माणूस. बाकीचे उभे. पप्पांना मी तिथे टेकलेलं कधी पाहिलं नाही. ते फिरतीवर असत. स्कूटरला मागे कापडाचे गठ्ठे बांधायचे आणि मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यांवर निघायचं. कोणत्या तांड्यात कोणाच्या पोरीचं लग्न आहे, कोणाला लाल रंग चालतो, दिवाळीनंतर ऊसतोडीला जाण्याआधी कोण कापड घेऊन ठेवणार, हे सगळं त्यांना पाठ होतं. दुकानाचा अर्धा माल त्या स्कूटरवरून खपायचा. बाजारात मात्र दुकान ओळखलं जायचं मोठ्या बाबांच्या नावाने.

आम्ही जैन. दिवस मावळल्यावर आमच्याकडे जेवत नाहीत. पप्पांच्या स्कूटरला म्हणून डबा अडकवलेला असे. संध्याकाळी जिथे असतील तिथे, रस्त्याच्या कडेला, स्कूटरच्या सीटवर डबा उघडून ते उभ्या उभ्या जेवायचे आणि मग पुढे निघायचे. उशीर झाला आणि सूर्य बुडाला, तर डबा तसाच परत यायचा. आई तो गायीला घालायची. मोठे बाबा वेळेवर, मांडी घालून, गरम पोळी जेवायचे. चातुर्मास लागला की आमच्या घरात कांदा येत नाही, पण नाकाने कांदे सोलणाऱ्यांची कमतरता नव्हती. फिरतीवरचा माणूस नियम पाळतो की नाही, यावर जेवता जेवता चर्चा व्हायची.

त्या वर्षी मी दहावीत होते. चातुर्मासात संध्याकाळी घरातले सगळे मंदिरात आरतीला आणि प्रवचनाला जायचे. मला अभ्यासाच्या नावाखाली सूट होती, म्हणजे दिवाणखान्यातला टीव्ही माझा. एरवी तो मोठ्या बाबांचा असे, आणि सुट्टीत दादा आला की दादाचा. दादा म्हणजे मोठ्या बाबांचा मुलगा. त्याच्या क्रिकेटसाठी केबलवाल्याकडून खेळाचे चॅनल घेतले होते. तो पुण्याला शिकायला गेला आणि चॅनल तसेच राहिले.

पहिल्या दिवशी मला ती जाहिरात वाटली. हिरवी शेतं, सूर्यफुलं, वरून हेलिकॉप्टरातून काढलेली चित्रं आणि रस्त्यावरून वाहत गेल्यासारखा सायकलींचा घोळका. दहा मिनिटं झाली तरी जाहिरात संपेना. मग कळलं, ही शर्यत आहे आणि ती तीन आठवडे चालणार आहे. मला हसू आलं. आमच्याकडे सायकलवर दूधवाला जातो, शाळेतली पोरं जातात. मोठी माणसं तीन आठवडे सायकल चालवतात आणि लोक रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून त्यांची वाट बघतात, ही रिकामटेकड्यांची कामं आहेत असं वाटलं. पण मग त्यांच्यातल्या एकाने चालत्या सायकलवरून हात काढून कोणाच्या तरी हातातली कापडी झोळी उचलली, गळ्यात अडकवली आणि तिच्यातून काढून खायला लागला. मी रिमोट बाजूला ठेवला. रस्त्यावर जेवणारा माणूस मी त्याआधी एकच पाहिला होता.

पप्पा दिवेलागणीनंतर आले. दमलेले असत म्हणून त्यांनाही मंदिराची सूट होती. ही सूट त्यांनी कधी मागितली नव्हती, आणि कोणी उदारपणेही दिलेली नव्हती. मंदिरात गेलेल्यांना ते आठवायचेच नाहीत. डोक्याचा रुमाल सोडून ते दाराजवळ भिंतीला टेकून बसले आणि टीव्हीकडे बघत म्हणाले, "हे काय होऊन राह्यलं?"

"शर्यत हाय, पप्पा. फ्रान्सची."

"मंग सगळे संगच काहून जाऊन राह्यले? कोणी समोर काहून निंघत नाही?"

मला तरी कुठे माहीत होतं. पण दोन-तीन दिवसांत आम्हा दोघांनाही कळायला लागलं. प्रत्येक संघाचा एक म्होरक्या असतो. बाकीचे त्याच्यासाठी असतात. वारा समोरून आला तर ते पुढे राहून तो अंगावर घेतात आणि म्होरक्या त्यांच्या आडोशाने निवांत चालवतो. त्याला तहान लागली की त्यांच्यातला एक मागे, गाडीपर्यंत जातो, सदऱ्यात पाठीशी, पोटाशी पाण्याच्या बाटल्या कोंबतो आणि तेवढं ओझं घेऊन पुन्हा घोळक्याला गाठतो. असाच एक निळ्या सदऱ्यातला, लांब मानेचा गडी पप्पांच्या नजरेत भरला.

"हा तं आपल्यावानीच हाय," पप्पा खुशीत म्हणाले. "गठ्ठे वाहून राह्यला बिचारा."

आम्ही त्याचं नाव पाणक्या ठेवलं. खरं नाव पडद्यावर यायचं, पण ते आम्हा दोघांनाही उच्चारता येत नव्हतं. त्यानंतर पप्पा घरात पाऊल टाकता टाकता विचारायचे, "पाणक्या कुठी हाय?" मी सांगायचे. त्या आठ-दहा संध्याकाळी पप्पा आणि मी जितकं बोललो, तितकं त्याआधीच्या सगळ्या वर्षांत मिळून बोललो नसू. ही एक गोष्ट मी त्या शर्यतीला मान्य करते.

मग तो घाटाचा दिवस आला. पाणक्या सकाळीच काही जणांबरोबर पुढे निघून गेला होता. बाकीचे एकेक करून गळाले आणि शेवटच्या घाटात तो एकटाच समोर राहिला. मागे बऱ्याच अंतरावर त्याचा म्होरक्या, पिवळ्या सदऱ्यासाठी, म्हणजे तीन आठवड्यांच्या बेरजेत पहिलं येण्यासाठी, झटणाऱ्या दोन-तीन जणांबरोबर. त्या दिवसापुरती शर्यत जिंकणार होता तर पाणक्याच. इंग्रजीत बोलणारे दोघे ओरडायला लागले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं इतकी, की त्याला जायला जेमतेम पायवाटेएवढी जागा. पप्पा भिंत सोडून पुढे सरकले होते. त्यांचा उजवा पाय आपोआप हलत होता, स्कूटरची किक मारावी तसा.

पाणक्याने कानातल्या यंत्राला हात लावला. संघाच्या गाडीतून काहीतरी हुकूम आला. मग त्याने पाय हलवायचे थांबवले, सायकल रस्त्याच्या कडेला घेतली, एक पाय जमिनीवर टेकला आणि मान वळवून मागे बघत उभा राहिला. पडला नव्हता, सायकल मोडली नव्हती. लोक त्याच्या तोंडावर ओरडत होते आणि तो त्यांच्यातून मागे, घाटाच्या वळणाकडे बघत होता. म्होरक्या वळणावर दिसला तेव्हा हा पुन्हा सायकलवर बसला, त्याच्या पुढे झाला, जीव काढून त्याला वर ओढत नेलं आणि शेवटी रिकामा होऊन मागे पडला. म्होरक्याचा त्या दिवशी फायदा झाला. त्याच्या गालांना मुके, हातात फुलं. पाणक्या केव्हा वर पोचला, ते कोणी दाखवलंही नाही.

"सोन्यासारखा मानूस हाय," पप्पा म्हणाले.

"येडा हाय."

"असं नोको म्हणू. घरातलं घरात राह्यलं. हा जिंकला काय अन् थो जिंकला काय."

"मंग म्होरक्यानं थांबावं ना एक दिवस याच्यासाठी."

पप्पा हसले. मला त्या हसण्याचाच राग आला. मी रिमोट आपटला, त्यातले सेल निघून कपाटाखाली गेले, आणि मंदिरातून परत आलेल्या मोठ्या बाबांना प्रवचनाचा चॅनल लावता येईना म्हणून मला बोलणी बसली. पाणक्यासारख्या माणसांना त्या खेळात एक खास फ्रेंच शब्द आहे. मी दुसऱ्या दिवशी शाळेतल्या कम्प्युटरवर त्याचा अर्थ शोधला. घरगडी. इतक्या उघडपणे तो शब्द वापरतात आणि कोणाला लाज वाटत नाही, हे वाचून माझं डोकं तडकलं. त्या संध्याकाळी मी शर्यत लावली ती फक्त पाणक्याला मनसोक्त बोलायला. तो सकाळीच निवृत्त होऊन घरी गेला असता तर मीही सुटले असते. पण तो होता, नेहमीसारखा, पोटाशी बाटल्या कोंबून.

खेळाचे सगळे नियम मी असे दात-ओठ खात शिकले. कोणत्या संघात कोण कोणासाठी राबतं, कोण कोणाला फसवतं, कोणाला औषधं घेऊन चढताना पकडलं. जितकी माहिती वाढली तितका चीड यायला माल मिळाला. दादाची जुनी सायकल माळ्यावरून उतरवून मी सकाळी धनजच्या रस्त्याला लागले. चढ म्हणावा असा चढ तिकडे नाही, पण समोरून वारा मात्र येतो आणि तो अंगावर घ्यायला पुढे कोणी नसतं. आठवड्याभरात मोठ्या बाबांनी जेवताना विषय काढला. "बजारात लोक मले विचारून राह्यले, गाडी इकली का म्हणून. दुकानवाल्याची पोरगी सायकलवर काहून फिरते?" आमच्या बाजारात व्यापाऱ्याच्या घरचं माणूस सायकलवर दिसलं, की त्याचं दिवाळं निघालं असं धरून चालतात. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्यांनी एकदा म्हणावं, फिरू दे पोरीले, एवढीच माझी अपेक्षा होती. सायकल माळ्यावर गेली. ती पप्पांनीच चढवली.

चांगल्या माणसांचा मला राग येतो. त्यांच्या चांगुलपणाचं भाडं घरातल्या बाकीच्यांना भरावं लागतं.

पण एक गोष्ट होती, जिच्यासाठी मी हा सगळा राग आवरून धरला होता. मानोऱ्याला दुसरं दुकान टाकायचं ठरलं होतं. आदल्या दिवाळीच्या पूजेत, सगळ्यांसमोर, मोठे बाबा पप्पांना म्हणाले होते, "मानोऱ्याचं दुकान तूच पाह्य. तुह्याच लोकायचं गाव हाय थे." त्यानंतर पप्पा बदलले. फिरतीवरून येताना मानोऱ्यात थांबून जागा बघून यायचे. गाळा ठरला. कप्पे कसे करायचे, थानं, म्हणजे कापडाचे तागे, कुठे लावायची, म्हाताऱ्या बायांना चढायला सोपी जावी म्हणून गादी किती उंच ठेवायची, हे ते मला सकाळच्या जेवणाच्या ताटात बोटाने काढून दाखवायचे. तांड्यातांड्यात त्यांनी सांगून ठेवलं होतं, आता मी येणार नाही, तुम्हीच या. पप्पा एका जागी बसतील, तक्क्याला टेकतील आणि संध्याकाळी वेळेवर पंगतीत जेवतील, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी दहावीला पहिली यायला तयार होते, कोणाशीही गोड बोलायला तयार होते.

दसऱ्याचा मुहूर्त धरला. त्याच्या थोडं आधी दादा पुण्याहून परत आला. शिक्षण अर्ध्यावर सोडलं होतं, तिकडे मन लागत नव्हतं म्हणे. त्याचं मन लागलं नाही याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडणार, हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. मोठे बाबा जेवता जेवता, वरणात तूप घालत म्हणाले, "मानोऱ्याले पोरगा बसंल. त्याले काई तरी पाह्यजे का नाही? तू हायेसच मांगं."

आईची तव्यावरची पोळी करपली. पप्पा म्हणाले, "हो, तं. बसू द्या." आणि ताट पुढे करून भात मागितला. मी उठून गेले. मागून मोठी आई, म्हणजे दादाची आई, म्हणाली की पोरीची जात, अन्नावरून उठू नये.

दसऱ्याला सगळे मानोऱ्याला गेलो. दाराला झेंडूच्या माळा, गादीवर नवी कोरी पांढरी चादर, तक्क्याला टेकून दादा, नव्या कुर्त्यात. मोठे बाबा त्याच्या शेजारी. मी पेढ्यांचं ताट घेऊन उभी. दसऱ्याला आमच्याकडे कापड मापायच्या गजाची आणि कात्रीची पूजा होते, आणि नव्या दुकानात पुजलेल्या कात्रीने जो पहिलं कापड फाडतो, दुकान त्याच्या हाताचं मानलं जातं. पूजेच्या वेळी लक्षात आलं की दादा नवी कात्री कारंज्यालाच विसरून आला आहे. मग स्कूटरच्या डिकीतली पप्पांची कात्री आणली. जुनी, लोखंडी, पप्पांच्या अंगठ्याने आतून घासून गुळगुळीत झालेली. तिला हळदकुंकू लागलं. मला वाटलं, निदान एवढं तरी योग्य झालं.

मोठे बाबा म्हणत होते की पहिलं गिऱ्हाईक कोणी मोठं असावं. पण पहिली आली ती एका तांड्यावरची म्हातारी, सुनेला घेऊन. पप्पा तिच्या दारात माझ्या जन्माआधीपासून जात असत. ती कोणाकडे न बघता सरळ पप्पांजवळ आली. सुनेसाठी लाल कापड हवं होतं. पप्पांनी थान काढलं, चादरीवर उलगडलं, गजाने मापलं. दादा बसल्या जागी मोबाइलवर तिचा फोटो काढत होता.

"तूच फाड, भाऊ," म्हातारी म्हणाली. "तुह्याच हातचं पाह्यजे."

पप्पांनी कात्री उचलली. मापावर अंगठा धरला. सगळं दुकान त्यांच्या हाताकडे बघत होतं. एक काप द्यायचा होता, बास. आणि त्यांनी मान वळवून मागे पाहिलं, गादीकडे. मोठे बाबा दादाकडे बघत होते. कात्री आमच्याकडे हातोहात देत नाहीत, दिली तर दोघांत भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. पप्पांनी ती चादरीवर ठेवली. टोकं स्वतःकडे, मुठी दादाकडे. म्हातारी म्हणाली, "हे काय, भाऊ?" आणि भाऊ बाजूला सरकले.

मला तो घाट दिसला. जमिनीवर टेकलेला पाय दिसला. दादा मोबाइल ठेवायला जागा शोधत होता. मी पेढ्यांचं ताट गादीवर आदळलं, कात्री उचलली आणि कापड फाडलं.

वाकडं फाटलं. मला सवय नव्हती. लाल कापडाची एक बाजू तिरकी जात खाली आली.  मग म्हातारीने ते कापड दोन्ही हातांनी उचलून पाहिलं, घडी केली आणि बोहनीचे पैसे माझ्या तळहातावर ठेवले. "पोरीच्या हातचं बी चालते," ती सुनेला म्हणाली. "त्याचंच रगत हाय."

ती गेल्यावर मोठ्या बाबांना वाचा फुटली. मुहूर्ताचं कापड वाकडं गेलं, आता दुकान सरळ कसं चालेल, पोरीला हेच शिकवलं का, असं बरंच. मी पप्पांकडे बघत होते. मला वाटत होतं, त्यांचा चेहरा उजळला असेल. आजवर कोणी त्यांच्यासाठी काही उचललं नव्हतं, आज मी उचललं होतं.

"ठेव खाली," पप्पा म्हणाले. असा आवाज त्यांनी माझ्यावर कधी काढला नव्हता. मी कात्री ठेवली. दादाने ती उचलून दुसऱ्या थानाचं एक कापड सरळ फाडलं, आणि मोठ्या बाबांनी तोच मुहूर्त धरायचा असं जाहीर केलं. पप्पा बाहेर गेले आणि मुहूर्त संपेपर्यंत रस्त्यावर, लोकांच्या चपलांपाशी, दुकानाकडे पाठ करून उभे राहिले. आलेल्यांना सोनं देत होते, हात जोडत होते. आत एकदाही पाहिलं नाही.

बाकीचे जीपमधून परत निघाले. मला जीपमध्ये घेतलं नाही म्हणून मी पप्पांच्या स्कूटरवर बसले, गठ्ठ्यांच्या जागी. बऱ्याच वेळाने त्यांनी तुरीच्या एका वावराशी स्कूटर थांबवली. दिवस बुडायला आला होता. सीटवर डबा उघडला, अर्धा माझ्यापुढे सरकवला. आम्ही उभ्या उभ्या जेवलो. 

"तुमी काहून ठेवली कात्री?" मी विचारलं. "म्हातारी तुमाले मागून राह्यली होती. तुमाले नोयतं पाह्यजे का थे दुकान?"

 पलीकडच्या धुऱ्यावर, बांधावर, दोन रोही, म्हणजे नीलगायी, उभे होते.

"थो आपला पाणक्या घाटात थांबला होता, आठोते?" ते म्हणाले. "थांबला तवा थो कुठी पाहून राह्यला होता?"

"मांगं."

"काहून?"

"म्होरक्याची वाट पाहून राह्यला होता."

"म्होरक्या तं येणारच होता, पाह्यलं काय अन् नाही पाह्यलं काय." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "समोर पाह्यलं असतं, तं त्याच्यानं थांबणं झालं नसतं."

त्यांनी हात पुसले, डबा अडकवला आणि किक मारली. मी मागे बसून त्यांच्या पाठीवर डोकं टेकलं आणि रडले. तोपर्यंत मला वाटायचं की माझ्या बापाला काही नकोच आहे. तसं असतं तर सोपं होतं, मी त्यांच्यावर खुशाल चिडले असते. त्यांना ते दुकान हवं होतं. बोटाने ताटात काढलेलं सगळं हवं होतं. म्हणून तर ते चपलांपाशी पाठ करून उभे राहिले होते. मला कात्री उचलल्याचा पश्चात्ताप तेव्हा झाला नाही आणि आजही नाही. वाईट एवढंच वाटतं की जे न बघता ते कसेबसे उभे होते, तिकडे मी त्यांची मान धरून वळवली.

मानोऱ्याचं दुकान अजून आहे. वाकड्या मुहूर्तावर सरळ चालतंय, कारण पप्पा पुढेही बरीच वर्षं तांड्यांवर जात राहिले आणि माणसं त्या दुकानात पाठवत राहिले. मोठे बाबा वाकड्या कापडाची गोष्ट पाहुण्यांना सांगतात, ती सांगताना हसतात आणि मलाही हसायला सांगतात. मी हसत नाही. पुण्याला शिकायला मी भांडून गेले. त्या भांडणात पप्पा कोणत्या बाजूला होते हे मला आजतागायत कळलेलं नाही, कारण ते गोठ्यात जाऊन बसले होते.

यंदा जुलैत मी चार दिवस घरी गेले. पप्पांचे गुडघे गेलेत, फिरती बंद आहे. संध्याकाळी बाकीचे मंदिरात जायची तयारी करत होते आणि आम्ही दोघं ओसरीवर माझ्या मोबाइलवर शर्यत लावून बसलो. तो जुना पाणक्या केव्हाच निवृत्त झाला. 'सुटले एकदाची,' असं मी तेव्हा मोठ्याने म्हटलं होतं. पण त्यांची जात संपत नाही, दर वर्षी नवे येतात. असाच एक पोरसवदा गडी घाटात एकटा पुढे होता. मागे बघणाऱ्याला मी मोठ्याने शिव्या देते, हे पप्पांना माहीत आहे. ते शेजारी असले की जरा जास्तच देते. पोराचा हात कानातल्या यंत्राकडे गेला आणि मी शिवी तोंडात तयार ठेवली.

माझ्याआधी पप्पा बोलले. मोबाइलवर वाकून, अगदी हळू, कोणाच्या कानाला लागून सांगावं तसं.

"मांगं पाहू नोको रे, बाप्पा."

पोराने मागे पाहिलं. पप्पांनी मोबाइल पालथा घातला आणि आईला ताटं वाढायला सांगितलं. दिवस मावळायला थोडाच वेळ होता.